लाल बारा

बाबांचं घड्याळ चार दिवस बंद होतं, म्हणून मी बुधवार पेठेतल्या आमच्या घड्याळजींकडे गेले होते. दुकान म्हणजे जिन्याखालचा एक कोनाडा. पुढे काचेचं कपाट, आत जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा, आणि टेबलावर पालथे घातलेले चहाचे काचेचे पेले. प्रत्येक पेल्याखाली कुणाचं तरी उघडलेलं घड्याळ. पेट्रोलचा आणि बारीक तेलाचा वास. काका डोळ्याला भिंग लावून बाबांच्या एचएमटी ‘जनता’च्या पोटात बघत होते आणि मी कपाटाला टेकून उभी होते. तेवढ्यात तिशीचा एक मुलगा आला. पट्टा सैल होतो, अजून एक भोक पाडून हवं होतं. त्याने मनगटावरून घड्याळ काढून काचेवर ठेवलं. पातळ, बिस्किटासारखं चपटं. रुपेरी पांढरी तबकडी, काड्यांसारखे बारीक काटे, जे आधी काळे वाटले आणि दिव्याखाली धरल्यावर गडद निळे निघाले. सगळे आकडे काळे. फक्त बारा लाल.

काकांनी भिंग न काढताच विचारलं, “हा बारा लाल का रे? छापताना चुकला?” मुलगा म्हणाला, नाही काका, मुद्दाम आहे. तो दोन वर्षं जर्मनीत होता, तिथे घेतलं. असं एक घड्याळ विकलं गेलं की कंपनी १०० युरो ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला देते, युद्धात-संकटात लोकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला. काकांनी तबकडी भिंगाजवळ नेली आणि सहाच्या खाली, अगदी कडेला छापलेलं संस्थेचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. ती अक्षरं इतकी बारीक की मला तिथे नुसती रेघ दिसत होती. मग त्यांनी पट्टा लाकडी ठोकळ्यावर ठेवला, पोगर टेकवला, एक हातोडी मारली, आणि त्याच लयीत म्हणाले, “द्यायचं तर देऊन मोकळं व्हावं माणसाने. घड्याळावर कशाला लिहायचं?” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. मुलगा थोडा विचारात पडला, वीस रुपये दिले आणि गेला.

बाबांचं घड्याळ तिथेच राहिलं. तो प्रश्न मात्र मी घरी घेऊन आले.

आपल्याकडे हा प्रश्न पडायला घड्याळाची गरज नाही. लहानपणी आजोळी गेलं की ग्रामदैवताच्या देवळात जायचे, तर पायऱ्यांच्या फरश्यांवर नावं कोरलेली असत. अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून. नावांवर पाय पडू नये म्हणून मी कडेकडेने चढायचे. आजी म्हणायची, अगं पडू दे की खुशाल, लोकांचे पाय लागावेत म्हणूनच पायरीवर घातलंय नाव. सभामंडपात पंखे होते आणि त्यांच्या पात्यांवर तेलरंगाने देणगीदारांची नावं लिहिलेली होती. पंखा फिरायला लागला की नाव दिसेनासं व्हायचं आणि फक्त वारा लागायचा. घरची भांडी तर सगळी नावांचीच. भांडेवाल्याकडचं ते कर्रकर्र आवाज करत स्टीलवर टिंब टिंब अक्षरं उमटवणारं यंत्र, आणि मग तांब्या-ताटल्यांच्या काठावर लग्नाची तारीख, देणाऱ्याचं नाव, ‘सप्रेम भेट’. आईच्या लग्नातला एक गडू अजून आहे. ज्या आत्याबाईंचं नाव त्यावर आहे त्यांना मी कधी पाहिलंही नाही, पण पाणी पिताना त्यांच्या नावावरून बोट फिरतं. मला त्यात कधी वाईट वाटलं नाही. आणि तरी उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, हेही त्याच घरात ऐकत आले. त्या रात्री हे आठवलं आणि चमकून लक्षात आलं की घड्याळ बांधतात ते डाव्याच हाताला.

मग त्या घड्याळामागे लागले. नोमोस नावाची कंपनी, ग्लासह्युट गावातली. ड्रेस्डेनच्या दक्षिणेला डोंगरातल्या अरुंद दरीत वसलेलं हे छोटंसं गाव १८४५ पासून घड्याळंच करतंय. बर्लिनची भिंत पडली आणि दोन-तीन महिन्यांत, १९९० च्या जानेवारीत ही कंपनी निघाली. तो मुलगा जे घालून आला होता त्या घड्याळाचं मूळ रूप, ‘टान्गेंटे’, सुझाने ग्युंथर या डिझायनर बाईंनी केलं आणि १९९२ पासून ते जवळजवळ तसंच आहे. सम आकडे लिहायचे आणि विषम आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा ओढायच्या. सहाच्या जागी सेकंदकाट्याचं छोटं वर्तुळ. तारीख नाही, चमक नाही, सजावट नाही. असल्या रिकाम्या तबकडीवर काहीही बदलायचं म्हणजे भीतीच. भरलेल्या रांगोळीत एक ठिपका जास्त पडला तर कुणाला कळत नाही, पण रिकाम्या अंगणात पडलेलं एक फूल लांबून दिसतं. २०१२ मध्ये डॉक्टरांच्या संस्थेसाठी हे घड्याळ करायला घेतलं तेव्हा करण्यासारखं कितीतरी होतं. संस्थेचं चिन्ह मधोमध छापता आलं असतं, सगळे काटे लाल करता आले असते, पट्टा लाल देता आला असता. त्यांनी एक आकडा रंगवला. आणि नाव इतकं बारीक केलं की ते वाचायला आमच्या काकांचं भिंग लागावं.

रंगाचं मला आधी सोपं वाटलं होतं. डॉक्टर म्हणजे लाल. पण लाल क्रॉस कुणालाही वापरता येत नाही, जिनिव्हा करारांनी त्या खुणेला संरक्षण दिलं आहे आणि ती या संस्थेची खूणही नाही. त्यांच्या चिन्हात लाल-पांढऱ्या पट्ट्यांतून धावत येणारी माणसाची आकृती आहे. घड्याळवाल्यांनी त्यातला माणूस घेतला नाही, पट्टे घेतले नाहीत, नुसता लाल उचलला. बारालाच का लावला, तर जर्मनमध्ये म्हणतात ‘बाराला पाच कमी आहेत’, म्हणजे वेळ अगदी थोडा उरलाय, हालचाल करा. जर्मन माणसाला तो लाल आकडा बघून हे वाक्य आठवत असणारच. मला आपलं आठवलं. आपण म्हणतो ‘बारा वाजले’. शेताचे वाजले, धंद्याचे वाजले, तब्येतीचे वाजले. दोन्ही भाषांना संकट बाराच्याच ठिकाणी दिसावं याचं मला फार नवल वाटलं, आणि त्याहून जास्त त्या पाच मिनिटांचं. आपल्या बोलण्यात गोष्ट होऊन गेलेली असते, कपाळाला हात लावण्यापलीकडे काही उरलेलं नसतं. त्यांच्या बोलण्यात अजून पाच मिनिटं हातात असतात. अ‍ॅम्ब्युलन्स ज्या वेळात येते किंवा येत नाही, ती पाच मिनिटं. हे सुचल्यापासून भिंतीवरच्या साध्या घड्याळात बाराला पाच कमी असताना माझी नजर गेली की मी थबकते.

पण मन एका बाजूला राहत नाही. घड्याळ दीड-दोन लाखांच्या घरातलं. त्यातून जाणार १०० युरो, म्हणजे आपले नऊ-दहा हजार. आईने घरखर्चाच्या वहीत हा हिशोब मांडला असता तर खाली लाल शाईने काय लिहिलं असतं ते मला ठाऊक आहे. एवढे पैसे हातात असलेल्या माणसाने सरळ पैसेच पाठवावेत, घड्याळाचं निमित्त कशाला? दुसरीकडे, साध्या टान्गेंटेपेक्षा हे घड्याळ एका पैशानेही महाग नाही. घेणाऱ्याला वर काही द्यावं लागत नाही. ते १०० युरो कंपनी आणि दुकानदार आपल्या वाट्यातून सोडतात. म्हणजे खरं तर मनगटावर मिरवणाऱ्याने दिलेलंच नाही काही, त्याने फक्त दोन सारख्या घड्याळांतलं एक निवडलं. मग तो लाल आकडा कुणाच्या दानाची खूण? हा विचार केला की तो मुलगा मला जास्त आवडायला लागतो. ‘मी दिले’ असं तो म्हणाला नव्हता, ‘कंपनी देते’ म्हणाला होता.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मोनॅकोतून सुरू झालेला ‘ओन्ली वॉच’ हा लिलाव आहे. लुक पेतावीनो यांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी झाली. हा आजार बहुतांशी मुलग्यांना होतो. स्नायू एकेक करून हरत जातात आणि साधारण बाराव्या वर्षापर्यंत बऱ्याच मुलांचं चालणं थांबतं. वडिलांनी २००५ मध्ये घड्याळ कंपन्यांना गाठून म्हटलं, जगात एकच असेल असं एकेक घड्याळ द्या, विकून येणारे पैसे संशोधनाला लावू. तेव्हापासून साधारण दर दोन वर्षांनी हा लिलाव होत आला. २०१९ मध्ये तिथे पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं ‘ग्रँडमास्टर चाइम’ आलं. दोन तोंडांचं, उलटवून घालता येणारं, घंटानाद करणारं, वीस करामती पोटात असलेलं घड्याळ. ही जातकुळी सोन्याची, पण लिलावासाठी त्यांनी ते पोलादात केलं. पोलाद सोन्यापेक्षा स्वस्त. तरीही ते ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं, कारण पोलादातलं ते एकच होतं, आणि तबकडीवर तसं लिहिलंही होतं: ‘द ओन्ली वन’. या दोन तबकड्या मी मनात शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत राहिले. एकीवर डोळ्यांना ताण देऊन वाचावं असं डॉक्टरांच्या संस्थेचं नाव, दुसरीवर घड्याळानेच सांगितलेलं स्वतःचं एकटेपण. पैशात मोजायचं तर त्या एका पोलादी घड्याळाने जे मिळवून दिलं ते मिळवायला लाल बाराची घड्याळं किती लाख विकावी लागतील! संशोधकाच्या प्रयोगशाळेला कुठला शब्द कुठे छापला याने काही फरक पडत नाही. आजारी मुलाच्या आईला तर मुळीच नाही. हे मला पटतं, आणि तरी मला ती तबकडी आवडत नाही.

त्याच लिलावातलं २०२१ चं एक घड्याळ मात्र मनातून जात नाही. एफ. पी. जूर्न या घड्याळकाराला चित्रपट दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी २०१२ मध्ये जेवताना सहज विचारलं होतं, माणसाचा हात घेऊन वेळ दाखवणारं घड्याळ कुणी केलंय का? जूर्न कित्येक वर्षं त्यावर झटले. पाच बोटांनी बारा तास दाखवायचे कसे? शेवटी जे घड्याळ झालं त्यात तबकडीच्या मधोमध धातूचा एक हात आहे. तास बदलला की त्याची बोटं मिटतात, उघडतात. त्या हाताचं रूप घेतलं सोळाव्या शतकातल्या आंब्र्वाझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याच्या चित्रांवरून. लढाईत हात गमावलेल्या सैनिकांसाठी पारे यांनी यांत्रिक हात कल्पिले होते. ज्या आजारात मुलांच्या हातापायांतलं बळ जातं, त्या आजाराच्या मदतीसाठी विकल्या जाणाऱ्या घड्याळात, तुटलेल्या हाताच्या जागी बसवायचा हात. ते ४५ लाख फ्रँकला गेलं, पण मला आकडा आठवत नाही, बोटं आठवतात. आणि त्यांच्यामागून आजीची बोटं येतात. ती जपाची माळ नसली की अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची. चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, झाले बारा. जूर्नना जो प्रश्न सुटायला वर्षं लागली तो आजीच्या तळहातावर वेगळ्या रीतीने सुटलेला होता. या लिलावाला २०२३ मध्ये गालबोट लागलं. जमलेले पैसे कुठे, कसे खर्च होतात याचा नीट हिशोब द्या, अशी मागणी झाली, लिलाव पुढे ढकलावा लागला आणि तो मे २०२४ मध्ये पार पडला. मागणारे बरोबर होते. तबकडी कितीही सुंदर असो, हिशोब तितकाच स्वच्छ हवा.

आणखी एक जागा आहे, जिचा मी आधी विचारच केला नव्हता. घड्याळाची पाठ. आयडब्ल्यूसी ही स्विस कंपनी खेळातून मुलांसाठी काम करणाऱ्या ‘लॉरियस’ संस्थेसाठी वर्षानुवर्षं खास घड्याळं काढत आली आहे. तबकडी गडद निळी, आणि पाठीवर मुलाने काढलेलं चित्र कोरलेलं. संस्थेच्या प्रकल्पांतल्या मुलांची चित्रकला स्पर्धा होते, त्यातलं निवडलेलं चित्र पोलादावर उतरतं. मुलांच्या चित्रांत असतात तशीच ती वाकडी माणसं, हात वर केलेली, डोकं मोठं आणि पाय काड्यांचे. ही रेघ घड्याळाच्या त्या बाजूला असते जी जगाला कधीच दिसत नाही. ती दिवसभर मनगटाच्या कातडीला चिकटून असते. रात्री घड्याळ काढून उशाशी पालथं ठेवलं तरच दिसणार. एखादं मूल कुठल्यातरी मैदानाच्या कडेला बसून काढतं ते चित्र आणि ज्या माणसाला ते मूल कधी भेटणार नाही त्याच्या नाडीवर ते टेकून असतं. हे ज्याला सुचलं त्याच्या हातात हात घेऊन मला काहीतरी म्हणावंसं वाटतं.

आणि एचएमटीने काढलेलं ब्रेल घड्याळ. ते महागडं नव्हतं, कुठल्या लिलावात आलं नाही. काच झाकणासारखी उघडायची आणि उठावदार ठिपके, काटे बोटांनी चाचपून वेळ कळायची. ज्याला हवं त्याच्याचसाठी केलेलं. त्यावर कसली खूण करायची गरजच पडली नाही.

खूण लहान असावी असं मी मनात पक्कं करत आले होते, तेवढ्यात कुंदूझ आडवं आलं. अफगाणिस्तानातल्या कुंदूझ शहरात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चंच अपघात-रुग्णालय होतं. ३ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री दोननंतर त्यावर अमेरिकन विमानाने मारा सुरू केला आणि तो तासभर चालला. ४२ माणसं गेली, त्यांत रुग्ण होते, सोबत आलेले नातेवाईक होते, संस्थेचे डॉक्टर-नर्स होते. रुग्णालय नेमकं कुठे आहे त्याचे अक्षांश-रेखांश लढणाऱ्या सगळ्या बाजूंना आधीच कळवलेले होते. आजूबाजूचं शहर अंधारात असताना त्या इमारतीत दिवे होते. त्या तासाभरात तिथून फोन जात राहिले, थांबवा, आमच्यावर बॉम्ब पडतायत. हे वाचलं त्या रात्री मला त्या घड्याळाच्या नाजूक अक्षरांचा राग आला. काही ठिकाणी खूण आभाळातून दिसेल एवढी मोठी हवी असते आणि तेवढी करूनही पुरत नाही. पुण्यात दिव्याखाली बसून अक्षर किती बारीक असावं यावर मी विचार करते आहे आणि तिकडे लोक छतावर, गाडीच्या टपावर, अंगातल्या पांढऱ्या जॅकेटवर मोठ्यात मोठं नाव लिहून बाहेर पडतात, जीव वाचावा म्हणून. तीच अक्षरं, तोच लाल.

दोन-तीन दिवस मी घड्याळांचं काही वाचलं नाही.

मग आईची आठवण आली, आणि ती आली तेव्हा वाटलं, हिच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती. आम्ही तेव्हा चेंबूरला राहत होतो. वारा फिरला की देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराचा जळका वास खिडकीतून यायचा आणि आई वाळत घातलेले कपडे आत घ्यायची. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी गोवंडीला राहायच्या. त्यांच्या थोरल्याला टीबी झाला आणि तोही साध्या औषधांना दाद न देणारा. दोन वर्षांचे उपचार. सुरुवातीचे कित्येक महिने रोज इंजेक्शन, आणि गोळ्या मूठ-मूठभर. गोळ्या घेतल्या की त्याला उलट्या व्हायच्या, म्हणून तो झोपेचं सोंग करायचा आणि वेळ टाळायचा. मावशी सकाळी सहाला घर सोडायच्या. आईने आमचं गजराचं घड्याळ काढलं. बाबांना ऑफिसातून पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल मिळालेलं, पायथ्याला पितळी पट्टी असलेलं, पट्टीवर बाबांचं नाव आणि तारीख. आईने ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि भाजीच्या सुरीने ती पट्टी खरवडून काढायला लागली. मी म्हटलं, अगं राहू दे ना, बाबांचं नाव आहे. तिने मान वर केली नाही. “नाव राहिलं की घड्याळ आपलंच राहतं गं,” म्हणाली, “त्या रोज बघतील आणि परत करायचं मनात ठेवतील.” पट्टी निघाली, पण मागचा डिंक काही निघेना. तिने खोबरेल तेल लावून बोटाने चोळचोळ चोळलं. तरी एक आयताकृती डाग राहिलाच. बाबा दाराशी उभे राहून बघत होते आणि काही बोलले नाहीत.

मुलगा बरा झाला. पण त्या इंजेक्शनांनी त्याला उंच आवाज कमी ऐकू यायला लागले. त्या औषधाचा तो ठाऊक असलेला दुष्परिणाम होता. वर्षभरानंतर गजर वाजायचा आणि तो उठायचा नाही, म्हणून मावशींनी घड्याळ त्याच्या उशीखाली ठेवायला सुरुवात केली. थरथर लागली की उठायचा. खूप पुढे, २०१८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने त्या जातीची जुनी इंजेक्शनं बाजूला सारून तोंडाने घ्यायच्या औषधांवर भर दिला. आणि त्याच सुमारास मला हेही कळलं की औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांसाठी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ मुंबईत कधीपासून काम करत होते, त्यांचा दवाखाना गोवंडीतच होता. मावशींच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर. ग्लासह्युटच्या दरीत कुणी बाराचा आकडा लाल रंगवत होतं, आणि त्या रंगाचा थोडासा तरी अर्थ आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या धुराच्या पलीकडे होता. जर्मनीतल्या १०० युरोंपैकी एखादी गोळी तिथवर पोचली का, हे शोधायला मी बसले नाही. आईने डाग चोळला तो ओटा मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

आठवड्याने काकांचा फोन आला, घड्याळ झालंय. दुपारची वेळ होती, गर्दी नव्हती. त्यांनी पेला उचलला, बाबांच्या घड्याळाची पाठ अजून उघडीच होती. “या, बघा,” म्हणाले आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी प्रथमच त्याचं मशीन पाहिलं. छोटे गुलाबी खडे, त्यांच्यात श्वास घेतल्यासारखं मागेपुढे होणारं चाक. सतरा ज्वेल्स. त्या जर्मन घड्याळातही सतराच खडे असतात हे मला तोवर कळलं होतं, पण बोलले नाही. मग त्यांनी सुटं झाकण चिमट्याने उचलून भिंगाखाली धरलं, आतली बाजू वर करून. पोलादावर सुईने ओरखडल्यासारख्या बारीक खुणा होत्या. एक तारीख १९८४ ची. एक १९९१ ची, वेगळ्या हाताची, तिच्यापुढे दोन अक्षरं. एक नुसतीच फुली. अशा सहा-सात.

“हे काय?”

“ज्याने ज्याने उघडलं त्याची खूण. सगळे घड्याळजी करतात. पुढच्याला कळावं, आधी कोण येऊन गेला, कधी तेल दिलं.”

बाबांनी हे घड्याळ तीस वर्षं घातलं. रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की अंगठा आणि तर्जनीत धरून चावी द्यायचे, शेवटचा फेरा आला की हात हलका करायचे. हे झाकण त्यांच्या मनगटावर टेकून होतं आणि त्याच्या आतली ही अक्षरं त्यांनी कधी पाहिली नव्हती. १९८४ मध्ये कुणी पाहिलं होतं यात? तेव्हा आम्ही कुठे होतो? मी काकांना विचारलं, ही १९९१ ची अक्षरं कुणाची असतील? त्यांनी भिंग परत घेतलं, बराच वेळ बघितलं. “हात चांगला होता,” एवढंच म्हणाले.

मग त्यांनी खणातून एक सुई काढली, लाकडी मुठीत बसवलेली. झाकण डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबून धरलं, आणि रिकाम्या कडेला, जुन्या खुणांना धक्का न लावता आजची तारीख घातली. आवाज आला तोही कानाशी धरावा लागेल इतका. फुंकर मारली. झाकण बसवलं, अंगठ्याने दाबलं, टक्. घड्याळ पालथं होतं ते सुलटं केलं, चावी दिली आणि वेळ लावायला भिंतीवर पाहिलं.

बाराला दहा कमी होते.

“घाला,” म्हणाले. मी डावा हात पुढे केला.